मायाक्काच्या हातचा टाका

एप्रिलातली सकाळ. नऊ वाजायचे होते आणि मागच्या व्हरांड्याचा पत्रा तापून कडकड वाजायला लागला होता. वारा नावाला नव्हता. मायाक्का विजेच्या शेगडीपुढं उकिडवी बसून खळ ढवळत होती. मैदा, पाणी आणि चिमूटभर मोरचूद. मोरचुदानं खळीला निळसर झाक येते, आणि मग तिला झुरळ तोंड लावत नाही की कसर लागत नाही. जुना नकाशा फाटायला आला की मायाक्का या खळीनं तो मांजरपाटावर डकवते आणि घडीवर फाटलेला असला तर सुईदोऱ्यानं सांधते. सोलापुरातल्या एका जुन्या संस्थेच्या ग्रंथालयात नकाशांची एक वेगळी खोली आहे. मायाक्का तिथं झाडू मारायला म्हणून लागली. त्याला सत्तावीस वर्षं झाली. आता कपाटांच्या किल्ल्या तिच्याच कमरेला असतात.

इंद्रायणी मॅडम जुळे सोलापूर या उपनगरातनं स्कूटीवर आल्या. खोलीचा कारभार त्यांच्याकडं. तोंडाचा स्कार्फ सोडायच्या आधीच त्यांनी मोबाईल काढला.

"मायाक्का, ऐका. ग्रूपवर आलंय."

हा ग्रूप नकाशे सांभाळणाऱ्यांचा. राज्यभरातले शंभरेक जण. कुठं प्रशिक्षण आहे, कुठल्या कपाटात पाणी शिरलं, कागद कुठनं घ्यावा, असलं रोज येत असतं. मायाक्काला त्यातलं अर्धं पटत नाही.

"एक माणूस फिरतोय म्हणे. कपडे चांगले, बोलणं गोड. एक नकाशा बघायला मागतो आणि दुसराच काखेत घालून नेतो. दोन ठिकाणी झालंय."

"नाव काय त्याचं?"

"नाव सांगून कोण चोरी करेल?"

"सांगतोय की. खोटं सांगतोय." मायाक्कानं पळी पातेल्याच्या कडेला आपटली. "आन् गोड बोलणाऱ्याचं मला काय सांगू नका मॅडम. माजं झालंय एकदा."

 हे मॅडमना ठाऊक होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी या खोलीतनं माढ्याचा नकाशा गेला. अख्खा तालुका हातानं रंगवलेला, प्रत्येक विहिरीला निळा ठिपका. दुमडला की वहीएवढा होणारा, कापडावर चिकटवलेला. मायाक्कानं स्वतः दुरुस्त केलेला तो पहिला नकाशा. चौकशी झाली. तीन प्राध्यापक टेबलापलीकडं बसले आणि ही अलीकडं उभी. दोघं खेकसले. तिसरे बिभीषण सर मात्र मायेनं बोलले, "घाबरू नका बाई. शांतपणे आठवा. झाडताना रद्दीत तर गेला नाही ना?" तिला वाटलं, एवढा एकच देवमाणूस. शेवटी तिघांच्या सहीनं तिच्या सेवापुस्तकात शेरा पडला: निष्काळजीपणामुळे नकाशा गहाळ.

येत्या एकतीस मेला ती निवृत्त होणार. शेरा खोडा म्हणून तिनं दोनदा अर्ज दिला. दोन्ही वेळा ऑफिसातनं एकच उत्तर आलं. नकाशा आणा, शेरा खोडतो.

तेव्हापासून मायाक्काचा कुणावर विश्वास नाही. पेन दारातच काढून घेते आणि पत्र्याच्या डब्यात टाकते. पिशवी बाहेर, बाटली बाहेर. एका वयस्कर संशोधकाला तिनं चष्म्याचं घर उघडायला लावलं होतं. मॅडम तिला रोज संध्याकाळी नकाशे मोजायला सांगतात. ती मोजत नाही. सांगोल्याकडच्या माळावर बापाच्या मेंढरांमागं वाढलेली ती. मेंढरं मोजायची नसतात, ओळखायची असतात, एवढं तिला पक्कं ठाऊक. ती एकेका नकाशावरनं हात फिरवते आणि मग कुलूप लावते.

साडेदहाला एक माणूस आला. चाळिशीतला, चष्मा, एवढ्या उन्हात लांब बाह्यांचा शर्ट, तोही बाहेर सोडलेला. कंबर धरल्यासारखा ताठ चालत होता.

"नमस्कार मावशी. जिल्ह्यातले तालुक्यांचे जुने नकाशे बघायचे होते."

"कुटला तालुका?"

"कुठलेही. म्हणजे सगळेच."

मायाक्कानं त्याच्याकडं नीट बघितलं. सत्तावीस वर्षांत 'कुठलेही' म्हणणारा एकही माणूस आला नव्हता. लोक आपलं गाव शोधतात, आपला ओढा शोधतात, भावकीच्या बांधावर बोट ठेवून भांडतात. कुठलाही नकाशा बघायला कोण येतंय?

"नाव?"

"अद्वैत."

"पुडं?"

"ओळखपत्र आहे ना. मॅडमना दाखवलंय."

तिनं त्याचं पेन काढून डब्यात टाकलं. पिशवी झटकून बघितली. ब्लेड नव्हतं. बूट काढायला लावून तेही बघितले.

"मावशी, विमानतळावर पण एवढं बघत नाहीत."

"विमान परत येतंय. नकाशा येत न्हाय."

सात नकाशे तिनं टेबलावर ठेवले आणि स्टूल ओढून समोरच बसली. तो ताठ बसून होता, पाठीला फळी बांधल्यागत. करमाळ्याचा नकाशा उघडून त्यानं उलटा धरला होता. घाम कानामागनं गळत होता. नजर नकाशावर कमी आणि हिच्यावर जास्त.

"पंखा जोरात करू का?"

"नको, नको. ठीक आहे."

मायाक्काच्या मनात एकेक गाठ बसत गेली. गोड बोलतोय. पुढचं नाव लपवतोय. नकाशा उलटा धरतोय. ग्रूपवरचा तो हाच. मॅडमना हाक मारावी तर हा सावध होईल, म्हणून ती हलली नाही.

एवढ्यात मागनं करपल्याचा वास आला. खळ. ती उठली, शेगडीचं बटण बंद केलं, पातेलं खाली उतरवलं आणि तशीच माघारी फिरली. दोन मिनिटं लागली असतील.

तो उभा होता. नकाशांची चळत नीट रचलेली.

"झालं माझं मावशी. फार छान आहे संग्रह." आणि दाराकडं निघाला. आता तो मोकळा चालत होता. वाकून त्यानं बूटसुद्धा सहज घातले.

मायाक्का दारात आडवी आली. दोन्ही हात चौकटीला लावले.

"मॅडम, हिकडं या. आदी मागचं दार लावा."

मॅडम आतल्या केबिनमधनं धावत आल्या. माणसाचा चेहरा पांढरा पडला. "काय करताय तुम्ही? मी काही घेतलेलं नाही."

"मॅडम, मोजा. सात दिलेत."

मॅडमनी मोजले. थांबल्या. परत मोजले, या वेळी प्रत्येकावर बोट ठेवून.

"मायाक्का, आठ आहेत."

"आठ कसं? सात दिलेत म्या."

"तुम्हीच बघा."

मायाक्कानं दार सोडलं नाही. म्हणाली, चळत इथं आणा. मॅडमनी हातावर धरली. मायाक्का डोळे त्या माणसावर ठेवून अंगठा एकेका नकाशाच्या पाठीवरनं फिरवत गेली. करमाळा. बार्शी. मोहोळ. चौथ्या नकाशाला अंगठा थांबला. कापड ओलसर लागलं, माणसाच्या घामाचं. आणि घडीवर टाका. घोंगडीच्या दोन पट्ट्या जोडतात तसा, आलटून पालटून, काळ्या लोकरीचा. तेव्हा तिला दुसरी शिवण येतच नव्हती. पुढं मॅडमनी बारीक दोरा आणून दिला आणि तो टाका परत कुठल्या नकाशाला पडला नाही.

तिनं घडी उघडली. निळे ठिपके. माढा.

 मग मायाक्काला त्या माणसाची चाल आठवली. चोर मोकळा येतो आणि ताठ जातो. हा ताठ आला होता.

"पोटाला बांधून आनला व्हय?" तिनं हळू विचारलं. "कुटं घावला तुमाला?"

अद्वैत बूट न काढताच माघारी येऊन स्टुलावर बसला. "बाबा गेले फेब्रुवारीत. फ्लॅट आवरताना गादीखाली सापडला. मागं तुमच्या संस्थेचा शिक्का. त्यांना विहिरींवर लिहायचं होतं, म्हणून घरी नेला असणार. उद्या देऊ, परवा देऊ करत राहिले असतील. मग इथं चौकशी लागली."

"बाबा म्हंजे?"

त्यानं मान वर केली नाही. "बिभीषण सर."

मॅडमनी तोंडावर हात नेला. वरच्या सभागृहात सरांचा फोटो होता, हार घातलेला.

रद्दीत तर गेला नाही ना बाई. मायाक्काच्या कानात तो मायेचा आवाज जसाच्या तसा उमटला. ज्याच्या घरी गादीखाली नकाशा होता, त्यानंच तिला आठवायला सांगितलं होतं.

मॅडम खालच्या आवाजात म्हणाल्या, "मायाक्का, असं करू. कपाटात सापडला म्हणून नोंद घालू. नकाशा आला, शेरा जाईल. सरांचं नावही कुठं येणार नाही. सगळ्यांचंच भलं."

"मावशी, आई आहे माझी अजून," अद्वैत म्हणाला. "तिला सोसवायचं नाही."

मायाक्कानं नकाशाची घडी परत घातली. मग म्हणाली, "कपाटात घावला म्हनलं तर ह्यो एकोणीस वर्सं माज्याच कपाटात व्हता. माज्याच किल्लीखाली. मग शेरा खराच की मॅडम. उलटं पक्का झाला."

मॅडमनी चळत टेबलावर ठेवली.

"माजी बी आय व्हती तवा," मायाक्का अद्वैतला म्हणाली. "गावात लोक इचारायचे तिला, तुज्या लेकीनं कसली चोरी केली गं म्हनून. मेली ती तेच ऐकत."

ती दाराशी गेली, डब्यातनं त्याचं पेन काढलं आणि त्याच्यापुढं धरलं. एकोणीस वर्षांत या खोलीच्या आत पेन पहिल्यांदाच आलं. नोंदवही उघडून दिली.

"ल्ह्या."

त्यानं लिहिलं. मायाक्का सातवी शिकलेली. अक्षरावर बोट ठेवून तिनं वाचलं: माढा तालुक्याचा नकाशा एका हितचिंतकाकडून परत प्राप्त.

"हितचिंतकाला नाव आसंल की."

पंखा फिरत होता. अद्वैतनं ओळ खोडली नाही. तिच्याखाली सावकाश दुसरी लिहिली. वडिलांचं पूर्ण नाव, त्यांनी कोणत्या साली नेला, घरात कुठं सापडला. शेवटी, यात नकाशा-दालनातील कर्मचाऱ्यांचा काही दोष नाही. सही केली.

"कर्मचारी लई हाईत," मायाक्का म्हणाली. "माजं नाव घाला."

त्यानं नाव विचारलं, तिनं सांगितलं, त्यानं घातलं. मॅडमनी खाली साक्षीची सही केली आणि म्हणाल्या, "मी आजच पत्र जोडून वर पाठवते."

"झेरॉक्स काडा आदी. दोन. एक माज्याकडं ऱ्हाईल. वर गेलेलं कागद परत येतंय का न्हाय, कुणी बगितलंय?"

मॅडम वही घेऊन गेल्या. अद्वैत उठला, हात जोडायला गेला आणि मधेच थांबला. मायाक्कानं त्याची पिशवी त्याच्या हातात दिली. द्यायच्या आधी सवयीनं आत एकदा बघितलं.

मग तिनं माढ्याचा नकाशा सावलीत कापडावर पसरला, घाम सुकू दे म्हणून, आणि मागं व्हरांड्यात गेली. खळ तळाला लागून काळी झाली होती. तिनं ती खरवडून झाडाखाली टाकली, पातेलं घासलं, नवा मैदा कालवला आणि मोरचुदाची पुडी सोडली.

शेगडी लावल्यावर तिनं स्टूल ओढून असं ठेवलं की ढवळता ढवळता खोलीचं दार दिसत राहावं.