सोमवारी घाणा चालू असतो

पुण्यात एका परिसंवादात ऐकलं, की आपल्या धर्मानं वैराग्य शिकवलं, म्हणून आपल्याकडे भांडवलशाही नीट रुजली नाही. जेवण उत्तम होतं, त्यामुळे कुणी विरोध केला नाही. मी मात्र खात्री करायला बीड जिल्हा गाठला.

केजपर्यंत एसटी. पुढं युसूफ वडगावला जीप, तीस रुपये. शेजारच्याची पिशवी मांडीवर, तिचे वेगळे पैसे नाहीत. रस्ता बरा आहे, पण मणक्यांबद्दल फार आशा बाळगू नका. उतरल्यावर भजी खा, पाणी मात्र स्वतःचं न्या.

वडगावात आप्पांचा लाकडी तेलघाणा आहे. त्यांच्या वडलांच्या काळापासून तो बैलावर फिरायचा. बैल म्हणजे महादेवाचा नंदी, म्हणून सोमवारी जुंपायचा नाही. बैलाला सुट्टी, तशी घाण्यावरच्या दत्तूलाही. यंदा बैल गेला, मोटर आली. मी पोचलो तो सोमवारच होता. आप्पांनी मोटरला भस्म लावलं, बेल वाहिला, डोळे मिटून हात जोडले आणि बटण दाबलं.

"आप्पा, आज सोमवार ना?"

"मग? मोटर काय नंदी हाय का? कष्ट हीच पूजा, साहेब."

दत्तू पन्नाशीचा. दर सोमवारी तेलगावला भावाकडं जायचा, अंथरुणाला खिळलेल्या आईला आपल्या हातानं भरवायचा. मोटर आल्यापासून गेलाच नव्हता.

"दुसऱ्या वारी जा की," मी म्हणालो.

"दुसऱ्या वारी बी मशीन चालूच ऱ्हाती की. आई रोज वार इचारती. भाऊ सांगतो, आज रविवार हाय."

मी आप्पांना म्हटलं, आजच्या दिवस सोडा त्याला.

"तुमी थांबता का घाण्यावर? लई दया येती तर पुण्याच्या ऑर्डरी बंद करा. तुमालाच शुद्ध तेल पायजे!"

 मी पाच लिटर करडईचं तेल घेतलं. डबा दत्तूनंच भरून दिला.

तेल चांगलं आहे, घरात कौतुक झालं. एवढं मात्र कळलं, की भांडवलाला वैराग्याची अडचण होत नाही, सुट्टीची होते.

पुढच्या सोमवारी दत्तूला फोन लावला. मागं घाणा घरघरत होता.

"आई काय म्हणतीये?"

"आता वार इचारीत न्हाई," तो म्हणाला. "ठेवतो साहेब, पेंड काढायचीय."