मी पुसून टाकलेला पिवळा रंग

"डोळे कधीपासून पिवळे आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"कालपासून," मी म्हणाले.

हे खोटं होतं, आणि तोंडातून निघतानाच मला ते कळलं होतं. शेजारी व्हीलचेअरवर माझा धाकटा भाऊ विजू थंडीनं कुडकुडत होता. माझ्या पर्समध्ये मोबाइल होता आणि त्यात विजूचा अकरा दिवसांपूर्वीचा फोटो होता.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण समजावून सांगायची त्यांची रीत मला आवडली. त्या म्हणाल्या, "याला ऑब्स्ट्रक्टिव्ह जॉन्डिस म्हणतात." म्हणजे अडथळ्याची कावीळ. यकृतात तयार होणारं पित्त एका नळीतून आतड्यात उतरतं. ती नळी तुंबली की पित्त रक्तात मिसळतं आणि माणूस पिवळा पडतो. "नळीत खडा असेल किंवा गाठ असेल. स्कॅन झाल्याशिवाय सांगता येणार नाही. थंडीताप आहे म्हणजे नळीत इन्फेक्शनही झालंय. थोडं आधी यायला हवं होतं."

गाठ म्हणजे काय, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

मी बेळगावात मराठीची शिक्षिका आहे. आमचं गाव निपाणी. विजूची बायको वारल्यापासून तो माझ्याकडे राहतो आणि उद्यमबागेतल्या लोखंड ओतायच्या एका फाउंड्रीत काम करतो. माझ्या लग्नाचा योग आला नाही. तेव्हा त्याला मी आणि मला तो.

आमचा नऊ जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यातले निवृत्त वकीलकाका रोज सकाळी जुन्या शब्दकोशातून कुणाच्या तोंडी न उरलेला एक शब्द पाठवतात. संध्याकाळपर्यंत त्या शब्दाचा फोटो टाकायचा, आणि तो त्याच दिवशी काढलेला हवा. उतरंड, पागोळी, वाफसा. वाफशासाठी, म्हणजे पेरणीजोग्या ओलीसाठी, मी गावाबाहेर सांबऱ्याच्या शेतात साडी सावरत गेले होते. पण रोज कुठं जाणार? मग घरात हाताशी असलेला विजूच माझा मॉडेल झाला.

त्या दिवशी शब्द होता 'तिरीप', म्हणजे फटीतून येणारी उन्हाची तिरकी रेघ. विजू कामावरून आला आणि खिडकीपाशी बनियनवर बसला. खिडकीच्या अर्धवट लावलेल्या दारातून ऊन त्याच्या खांद्यावर पडलं होतं. मी म्हटलं, हलू नकोस.

"आक्का, लई खाजतंय गं," तो दंड खाजवत म्हणाला.

"दोन मिनिटं कळ काढ. तिरीप जाईल."

फोटो झकास आला. फक्त चेहरा पिवळट दिसत होता आणि डोळेही. मला वाटलं, उन्हाचा परिणाम. तीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासलेल्या बाईला चूक दिसली की हात शिवशिवतो. मी एडिटमध्ये जाऊन पिवळा रंग कमी करायची पट्टी ओढत नेली. डोळे पांढरे झाले. भिंत जरा निळसर झाली, ते मला कलात्मक वाटलं. ग्रुपवर एक बाई म्हणाल्या, त्वचेचा रंग किती नैसर्गिक आलाय! मी झोपेपर्यंत खूश होते.

त्यानंतर 'उसंत' शब्दाला मी कॉटवर आडव्या झालेल्या विजूचा फोटो काढला. तो ताटातलं अर्धं जेवण टाकून झोपला होता. मला उसंत दिसली, थकवा दिसला नाही. त्या फोटोचाही पिवळेपणा मी काढला.

अकराव्या दिवशी दुपारी त्याचा फाउंड्रीतला दोस्त त्याला मोटरसायकलवर मागं बसवून घरी घेऊन आला. विजूचे दात वाजत होते. दोस्त दारातूनच म्हणाला, "आक्का, ह्येचं डोळं बघितलासा न्हाय व्हय? हळदीगत पिवळं झाल्यात की!"

कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात. आमच्या घरी कावीळ त्याला झाली होती आणि नजर माझी बिघडली होती.

शेजारच्या काकू म्हणाल्या, कणकुंबीकडं एकजण पाल्याचा रस देतो, आधी तिकडं जा. एकदा तरी मी शहाण्यासारखी वागले आणि रिक्षा दवाखान्याकडे वळवली.

स्कॅनच्या खोलीबाहेर बाकावर बसून मी मोबाइल उघडला. मूळ फोटो जाग्यावर होता. त्यात भिंत पांढरी होती आणि बनियनही पांढरंच होतं. ऊन फक्त खांद्यावर होतं. चेहरा सावलीत होता आणि तरीही डोळे पिवळे होते. शाळेतल्या पोरालासुद्धा कळलं असतं. मला इतकी लाज वाटली की समोर बसलेल्या माणसांकडे मान वर करून बघवेना.

स्कॅनमध्ये खडा निघाला, गाठ नाही. मी रडले. पण तो आनंद पुरता माझा झाला नाही, कारण खोटं अजून तसंच होतं.

शेवटी मी डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि दोन्ही फोटो त्यांच्यापुढं ठेवले. "कालपासून नाही. निदान अकरा दिवस. मी रंग पुसला."

त्यांनी दोन्ही फोटो नीट बघितले. मला वाटलं होतं, ओरडतील. त्या म्हणाल्या, "कावीळ इतके दिवस असली की रक्त गोठायला वेळ लागतो. तपासणी आम्ही करतोच, पण सांगितलंत ते बरं झालं." त्यासाठी विजूला व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी ईआरसीपी ठरली. म्हणजे तोंडातून दुर्बिणीची नळी घालून खडा काढायचा. चिरफाड नाही, पण धोका असतो. तो धोका लिहिलेल्या कागदावर मी सही केली, तेव्हा माझं अक्षर मलाच ओळखू येईना. नर्सनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "एनू आगंगिल्लरी, आक्कारे." काही होत नाही हो, आक्का. त्या कन्नड बाईचं नावही मी विचारलं नाही. तिचे उपकार मी विसरणार नाही.

खडा निघाला. ताप उतरला. तिसऱ्या दिवशी विजूनं स्वतःच्या हातानं पेज खाल्ली. पुढं पित्ताशयाचं ऑपरेशनही सुरळीत झालं.

पण त्या पेजेच्या दिवशीच मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मलाबी म्हायती होतं, आक्का. पंधरा दिस लघवी काळ्या चहागत व्हायलती. तुला सांगितलं असतं तर तू लगीच दवाखान्यात घातली असतीस. म्हणून गप बसलतो."

त्यानं माझं मन हलकं करायला हे सांगितलं. झालं उलटंच. आक्काला नुसतं कळलं की ती धावेल, असा त्याचा भरवसा. आणि आक्का त्याचा चेहरा समोर धरून पट्टी ओढत बसली होती.

तुमच्या घरात कुणाला विनाकारण खाज सुटली, लघवी गडद झाली, जेवण नकोसं झालं, तर दिव्याच्या उजेडात बघू नका. दिवसा खिडकीपाशी न्या आणि डोळ्यांचा पांढरा भाग बघा. पिवळा दिसला तर उन्हाला दोष देऊ नका.

ग्रुप मी सोडला नाही. मूळ फोटो तिथं टाकला आणि खाली खरं लिहिलं. संध्याकाळी वकीलकाकांचा फोन आला. त्या दिवसाच्या शब्दाविषयी ते काही बोलले नाहीत, विजू कसा आहे एवढंच विचारलं.

आता रोज सकाळी विजू डबा घेऊन निघाला की मी त्याला अंगणात उभं करते आणि बोटानं त्याची खालची पापणी ओढते. तो वैतागतो. "झालं की गं आता! पांढरंच हायत. बस चुकंल माझी."

"चुकू दे," मी म्हणते. "वर बघ."