मीरासाबनं दोनदा बनवलेले स्पीकर

शिवाजी पेठेत राहायला होतो तेव्हा संध्याकाळची माझी बैठक मीरासाब सुताराच्या दुकानात. साधा पाट करायला दिला तरी हा माणूस चार दिवस घासत बसायचा.

गोष्ट शहात्तर सालची. राजारामपुरीत राहणारे जिनपाल मास्तर माझे गाववाले, कोडोलीचे. त्यांच्या आई अंजनाबाई. सगळे त्यांना अव्वा म्हणत. अव्वांचे डोळे गेले, पोथी वाचणं थांबलं. मास्तरांनी रेकॉर्ड प्लेअर आणला, स्तोत्रांच्या रेकॉर्डी आणल्या. पण त्याच्या पोटातला तो एवढासा स्पीकर डबड्यात खडे हलवल्यासारखा वाजायचा. अव्वा म्हणायच्या, "कोण म्हणतंय कळतंय रं, काय म्हणतंय कळंना."

मास्तरांनी दोन वर्षांत सातशे रुपये साठवले. मग लाकडाची पारख असलेल्या मीरासाबला घेऊन आम्ही तिघं एका बड्या दुकानात गेलो. मुंबईहून आलेली स्पीकरची जोडी झकास वाजत होती. किंमत चोवीसशे! मास्तरांचा चेहरा उतरला. मीरासाबनं मात्र पेटीवर टकटक केलं.

"पावणं, हात लावायचा न्हाय," दुकानदार खेकसला.

"लावत न्हाय की. पर ही भुसा दाबून केलेली फळी हाय. हिचं चोवीसशे?"

बाहेर येऊन त्यानं बोटांवर हिशेब मांडला. आतले स्पीकर विकत, दोनशे साठ. तारजोडणी चाळीस. सागवान दोनशे. आवाज घुमू नये म्हणून आतून लावायला घोंगडं, तीस. त्याची मजुरी दीडशे. "सहाशे ऐंशी. वर वीस राहत्यात, त्याचं पेढं वाटा."

तीन आठवडे तो दुसऱ्या कुणाचं काम घेईना. पेट्या अशा झाल्या की सांध्यात नख जाईना. दुकानात वाजवून बघितल्या, तर रस्त्यावरची माणसं दारात थांबली.

पेट्या हातगाडीवरून मास्तरांकडे नेल्या. मास्तर म्हणाले, "देवापाशी ठेवू. अव्वा तिथंच बसतात." मीरासाबनं हातातली पेटी उंबऱ्याबाहेरच ठेवली.

"मास्तर, घोटाळा झालाय. सांधे सरसानं चिकटवल्यात."

सरस म्हणजे जनावरांची कातडी-हाडं उकळून केलेला सुतारी डिंक. हात सवयीनं त्याच डब्यात गेला होता. आणि हे घर म्हणजे जैनांचं, त्यातून अव्वांचं!

मास्तर हळूच म्हणाले, "आतलं कुणाला दिसतंय? आमच्या कपाटाला बी तेच असंल."

"कपाट मी केलं न्हाय. हे मी केलंय."

"मोडलं आणि आवाज बिघडला तर? माझ्याकडं आता वीस रुपये हायत, मीरासाब."

आतून अव्वांचा आवाज आला, "जिनपाल, मला डोळं न्हाईत, कान हाईत. मीरासाब, उकल ते. हितंच सोप्यात बसून कर. आणि काम हुईपातुर जेवायला हितंच."

झालं! वाफ देऊन त्यानं सांधे सोडवले. सरस लागलेल्या कडा रंध्यानं काढल्या, घोंगडंही सरसानंच चिकटवलेलं, ते टाकून नवं आणलं आणि खिळ्यांनी ठोकलं. सांध्यांना लाकडी खुंट्या आणि बाटलीतला पांढरा डिंक. चार दिवस लागले. पेट्या दोन बोटं लहान झाल्या, आणि मास्तर रोज विचारायचे, "आवाज पहिल्यागत यील का हो?" मीरासाबला तरी काय ठाऊक! त्याचं दुखणं वेगळंच होतं. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "कांदा न्हाय, बटाटा न्हाय, आणि दिवस बुडायच्या आत जेवायचं! रात्री दहाला पोटात कावळं वरडत्यात रं." पण अव्वा दोन घास जास्त वाढायच्या आणि हा मुकाट्यानं खायचा.

मास्तर घोंगड्याचे आणि वरच्या चार दिवसांचे पैसे पुढल्या पगारातून देतो म्हणाले. मीरासाबनं घोंगड्याचे तेवढे घ्यायचं कबूल केलं. बुडालेली सगळी कामं धरून हिशेब लावला तर दुकानातली जोडी विकत घेऊन देणंच सुताराला स्वस्त पडलं असतं, असं मी त्याला चिडवायचो.

पाचव्या दिवशी रेकॉर्ड लावली. अव्वा भिंतीला टेकून बसल्या. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. मास्तर आईच्या तोंडाकडे बघतायत, मी मास्तरांकडे. तिसऱ्या ओळीला अव्वांचे ओठ हलायला लागले. पुढची ओळ गाणाऱ्याबरोबर त्या म्हणू लागल्या, अक्षर न् अक्षर. मास्तरांनी चष्मा काढला आणि पुसतच बसले.

मीरासाब कुठंय म्हणून बघितलं, तर हा गडी पेटीच्या मागं सांध्याला बोट लावून पालथा पडलेला.

"कसं वाजतंय?" मी विचारलं.

"वाजतंय व्हय? मी ऐकलं न्हाय," तो म्हणाला. "हलत न्हाय बघ. अजाबात हलत न्हाय!"