न पाहिलेलं स्थळ

नल्लकुंट्याच्या मराठी घरांत लग्नाची बोलणी निघाली की कुणीतरी विचारायचंच, "जयवंताबाईंनी पाहिलंय का?"

जयवंताबाई मराठी शाळेत शिकवायच्या. शाळा कधीच बंद पडली, पण बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्यामुळे लग्नाचं कोण आहे हे त्यांना आपसूक कळे. त्यांनी दोन वह्या ठेवल्या होत्या, एक मुलींची, एक मुलांची. घेणं-देणं काही नाही, पण रीत कडक. एखाद्या रविवारी दुपारी, न कळवता, त्या मुलाच्या घरी जाऊन बसायच्या. मुलगा आईशी कसा बोलतो, कामवालीला कशी हाक मारतो, शेजारी त्याचं नाव काढल्यावर हसतात की गप्प होतात, हे बघायच्या. मन मानलं तरच वहीत आणि पत्रिकेच्या कोपऱ्यात 'पाहिलं' लिहून खाली सही. त्या सहीनंतर मुलीकडचे पुढे चौकशी करत नसत.

दोन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे गेले आणि हे काम थांबलं. वह्यांची पानं सुटायला लागली होती. त्यांनी त्या प्रशांतला दिल्या. हा त्यांचा जुना विद्यार्थी, हिमायतनगरला त्याचं छपाईचं दुकान. "सगळं नीट टाइप करून दे रे," त्या म्हणाल्या. त्याने दिलंही, वर पाया पडून गेला. बाईंना फार बरं वाटलं होतं.

गेल्या गुरुवारी निर्मला पेढ्यांचा डबा घेऊन आली. तिची लेक मृण्मयी बाईंच्या डोळ्यांसमोर मोठी झालेली.

"जयवंताबाई, आधी तोंड गोड करा! रविवारी साखरपुडा. तुमच्यामुळे जमलं हो."

"माझ्यामुळे?"

"मग कुणामुळे? राहुलच्या पत्रिकेवर तुमची सही बघितली आणि आमचे हे म्हणाले, आता विचारायचं काय राहिलं?"

निर्मलाने पर्समधून कागद काढला. कोपऱ्यात निळ्या शाईत 'पाहिलं' आणि खाली बाईंची सही. अक्षर त्यांचंच होतं. राहुल नावाच्या या मुलाला मात्र त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण निर्मलाचा चेहरा इतका फुललेला की बाईंची जीभच उचलेना. त्यांनी पेढा घेतला, तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "सुखी राहो पोर."

निर्मला गेली तशी त्यांनी सुनेला, हर्षदाला, हाक मारली. तिने मोबाइलवर दोन मिनिटांत शोधून काढलं. 'जयवंताबाई विवाह केंद्र, हिमायतनगर. प्रत्येक स्थळ बाईंनी स्वतः पाहिलेलं.' खाली त्यांचा निरोप समारंभातला फोटो आणि प्रशांतचा नंबर.

"आई, तुम्ही त्याला परवानगी दिली होती?"

"वह्या दिल्या होत्या."

"तेच विचारतेय. नाव दिलं होतं का?"

"नाही गं."

"मग आधी याचे फोटो काढून ठेवते. नंतर म्हणेल, असं काही नव्हतंच."

रात्रभर बाईंच्या मनात एकच घोळत राहिलं. मुलगा चांगला असेलही. मग कशाला मोडता घालायचा? आणि नसला तर? पोर त्यांच्या सहीवर विसंबून दुसऱ्याच्या घरात जाणार होती.

सकाळी त्यांनी पत्र लिहिलं. माझं नाव, फोटो आणि सही वापरायला मी कधीही संमती दिलेली नाही. उद्यापर्यंत सगळं काढावं, नाहीतर मी पोलिसांत तक्रार देईन. दोन प्रती केल्या आणि हर्षदाला घेऊन त्या रिक्षाने हिमायतनगरला गेल्या.

दुकानावर पाटी होती. आपलंच नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत बघून त्यांना रस्त्यात उघडं पडल्यासारखं झालं.

"अरे, बाई! या, या. छोटू, चाय बोल!" प्रशांत लगबगीने उठला.

"चहा नको. ही पाटी कुणाला विचारून लावलीस?"

"बाई, तुम्ही टेन्शन नक्को घेऊ. तुमचं काम बंद पडत होतं, मी चालू ठेवलं. लोक दुवा देतात तुम्हाला."

"राहुलच्या घरी तू गेलास?"

"व्हिडिओ कॉल केला ना. फर्स्ट क्लास पोरगा. पॅकेज बघा त्याचं!"

"आईशी कसा बोलतो?"

प्रशांत हसला. "बाई, आजकाल हे कोण बघतंय?"

"मी बघत होते. त्याच्यावरच माझी सही असायची. ती तू वहीतून उचललीस."

त्याचं हसू गेलं. त्याने हर्षदाकडे पाहिलं, तिच्या हातातल्या कागदांकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणला. "परवा साखरपुडा आहे. हॉल घेतलाय, पाहुणे निघालेत. आता तुम्ही तोंड उघडलं तर मोडेल. त्या पोरीचं पाप कुणाच्या माथी? माझं ऐका. राहुलचं घर नामपल्लीला, इथून पंधरा मिनिटं. आत्ता जाऊन बघून या. आवडला की झालं. खोटं काही राहतच नाही."

वाट खरंच सोपी होती. पंधरा मिनिटं, आणि कुणापुढे मान खाली घालायला नको. हर्षदालाही वाटलं, आता या उठतील आणि नामपल्लीला चला म्हणतील.

"साखरपुडा ठरल्यावर गेले तर मला तो चांगलाच दिसणार, प्रशांत. माझी मान सोडवायला मी त्याला चांगला ठरवीन. त्याला बघणं म्हणत नाहीत." त्यांनी पत्र पुढे केलं. "एक तू ठेव. दुसऱ्यावर सही कर, मिळालं म्हणून."

"बाई, आपल्या माणसाला नोटीस देता?"

"वर्गात कॉपी करताना तुला धरलं होतं तेव्हा आपला म्हणून सोडलं. तीच चूक झाली. कर सही."

त्याने सही केली.

तिथून त्या थेट निर्मलाकडे गेल्या. लिफ्ट बंद होती. तीन मजले, पायरीगणिक थांबत. दारात निर्मला हसली, पण बाईंचा चेहरा बघून तिचं हसू मावळलं.

"निर्मला, ती सही माझी नाही. राहुलला मी पाहिलेलं नाही."

घरात साखरपुड्याच्या मिठाईचे डबे मांडलेले होते. निर्मला त्यांच्यामधेच खाली बसली. "म्हणजे मुलगा वाईट आहे?"

"मला माहीत नाही. तेच सांगायला आले."

"मग काल का नाही सांगितलंत? पेढा खाल्लात की माझ्यासमोर!"

"धीर झाला नाही. चुकलं माझं."

"चुकलं म्हणे! बिदरहून पाहुणे निघालेत, जयवंताबाई. काय सांगू मी त्यांना?" निर्मलाचा आवाज चिरकला.

मृण्मयी आतल्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती आईजवळ आली नाही, बाईंकडेही नाही. तिने फोन लावला. "राहुल, मी आणि आई आज तुझ्या घरी येतोय. नाही, कार्यक्रमाचं नंतर बोलू. आधी येतो." फोन ठेवून ती म्हणाली, "आई, चप्पल घाल."

"तुम्ही येता?" निर्मलाने बाईंना विचारलं. विचारण्यात राग होता, पण आशाही होती.

"नको. मी आले की तुम्ही दोघी माझ्याच तोंडाकडे बघाल."

निर्मलाने चप्पल पायात सरकवली. निरोप दिला नाही.

खाली रिक्षात बसताना प्रशांतचा फोन आला. हर्षदाने स्पीकर लावून दिला. "पाटी उतरवली, बाई. नेटवरचंही काढतोय. झालं ना आता?"

"आणखी किती पत्रिकांवर माझी सही लावलीस?"

"आता ते जाऊ द्या ना, बाई."

"प्रशांत."

"अकरा. त्यातली तीन लग्नं ठरलीत."

हर्षदाने कपाळाला हात लावला. बाईंनी दुखरा गुडघा दाबून धरला आणि तिला पेन काढायची खूण केली.

"त्या तीन घरांचे पत्ते सांग," त्या म्हणाल्या. "ज्याची तारीख जवळ, ते आधी."