धाकट्या जावेच्या पदराच्या गाठी

बायांनो, आज खाचरात घडलं ते तुमच्याशिवाय सांगू कुणाला?

माझी धाकटी जाऊ सगुणा. भात लावताना तिचे ओठ सारखे हलतात, आवाज मातूर न्हाई. त्यात पदराला गाठी! सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या, "करणी करती ही. ध्यान ठेव."

म्या ठेवलं. आज बांधावर भाकरी खाताना तिचा पदर धरलाच. "कुणाच्या नावानं मारल्यास ह्या गाठी?"

ती घाबरली. "आक्का, देवळातले बुवा पोथीतली एकेक ओवी सांगत्यात. मला वाचता येत न्हाई, पूजेला सवड न्हाई. ओवी पाठ झाली की एक गाठ मारती. काम करता करता म्हणती, तीच माझी पूजा."

मला खरं वाटंना. "म्हण बघू!"

तिनं म्हटली. कुठं अडखळती का बघाया म्या पुन्ना म्हणाया लावली, पुन्ना लावली. ती अडखळली न्हाई, पर ओवी माझ्याच तोंडात बसली.

आता चुलीपुढं भाकरी थापतीया, तर सासूबाई मघापासनं माझ्या ओठांकडं बघत्यात. आत्ताच म्हणाल्या, "थोरले, तुझा पदर दाव बघू."

बायांनो, दावू का? एक गाठ हाय.