समुद्रावरचा बर्फ आणि नालवाडीच्या सळया

वर्ध्याजवळच्या नालवाडीतल्या माझ्या घराच्या स्लॅबवर कोपऱ्याकोपऱ्यात सळया उभ्या होत्या. आमच्याकडे घर बांधताना त्या मुद्दाम सोडतात, पुढेमागे पोरगा वर मजला चढवेल म्हणून. माझा पोरगा सुमित फिनलंडमधल्या ओउलू नावाच्या शहरात नोकरी करतो. सळया गंजायला लागल्या तेव्हा गुत्तेदार म्हणाला, "काका, बांधाचं असन तर आता बांधून टाका." तू परत येशील का, ही सुमितला फोनवर विचारावी अशी गोष्ट नव्हती. म्हणून म्हातारपणी पहिल्यांदा पासपोर्ट काढला आणि फेब्रुवारीत एकटाच निघालो.

माझ्या वयाच्या मंडळींना सांगतो, व्हिसाच्या कामाला मुंबईची एक खेप धरून चाला. नागपूर, दिल्ली, हेलसिंकी आणि पुढे आणखी एक छोटं विमान. तिकिटालाच खरा पैसा लागतो, बाकी काटकसर करा पण बुटांत करू नका. वर्ध्यात घेतलेले माझे लोकरी मोजे पहिल्याच दिवशी हरले. जवसाची चटणी मात्र भरपूर न्या. तिथलं जेवण पोटाला चालतं, जिभेला कळत नाही.

बाहेर सगळं गोठलेलं आणि सुमितच्या घरात मी बनियनवर! शेगडी नाही, हीटर नाही. माझं उभं आयुष्य पाइप-फिटिंगच्या दुकानात गेलं, त्यामुळे भिंतीजवळचा पाइप धरून थेट तळघरापर्यंत जाऊन आलो. नंतर कळलं, शहराचा एक मोठा कारखाना पाणी तापवतो आणि जमिनीखालून घरोघर पोचवतो. आपल्याकडे नळाचं पाणी येतं तशी तिथं ऊब येते. पाहिलेलं मी उत्साहानं सांगायला वर आलो, तर सुमित ऑफिसला गेलेला. जिन्यात एक बाई भेटली, ती मान हलवून निघून गेली. वर्ध्यात एव्हाना चार जणांनी "कुठं निघाले?" विचारलं असतं. दिवसभर खिडकीशी बसलो. इतकं एकटं मला बायको गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

त्या आठवड्यात इमारतीची बैठक होती. शहराची ऊब सोडून आवारात बोअर मारायचे, जमिनीतली उष्णता पंपानं खेचायची, असा विषय होता. बोअर मारून पाणी नाही, ऊब काढायची! मी हट्टानं सोबत गेलो.

"याचा फायदा कधी सुरू होते?" मी हळूच विचारलं.

"कर्ज फिटायलेच पंधरा वर्षं लागतेत, बाबा. ज्याले घर विकून जायचं हाये तो नको म्हणते. राहणारे हो म्हणतेत."

पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाई काहीतरी बोलल्या आणि सगळे हसले. सुमितनं सांगितलं, "त्या म्हणतेत, तवा मी नसन, पण खालच्या मजल्यावर माहे पाय आत्ता गार पडून राह्यले." मग मतं घेतली. त्या बाईंनी हात वर केला. माझ्या शेजारी सुमितनंही केला.

मी खाली फरशीकडे पाहत बसलो. माझा प्रश्न आता विचारायची गरजच उरली नव्हती.

रविवारी तो मला समुद्रावर घेऊन गेला. समुद्राकाठी नव्हे, समुद्रावर! लोक चालत होते, एक जण डब्यावर बसून भोकातून मासे धरत होता. काठाशी एक लांब भेग होती. वाऱ्यानं पाणी वरखाली होतं तेव्हा बर्फाची अख्खी लादी उचलली जाते, काठाला चिकटलेला भाग जागचा हलत नाही, म्हणून तिथं फाटतं, असं त्यानं समजावलं. दूर बर्फाचे ढीग दिसत होते. तिथला बर्फ मोकळा असतो. वारा त्याला ढकलतो, लाद्या मोडून एकमेकींवर चढतात.

"मंग हा काऊन जात नाई वाहून?" मी पायाखालचा बर्फ दाखवला.

"याले बेटांनी अन् उथळ जागांनी धरून ठेवलं हाये." थोडं थांबून तो म्हणाला, "बाबा, तुम्हीच या ना इकडं राहायले."

"इथं मी कोणाशी बोलू रे?"

त्यानं माझ्या हातमोज्याचा पट्टा घट्ट केला आणि आम्ही परत फिरलो.

मार्चमध्ये घरी आलो तर वर्ध्यात ऊन तापलेलं. शेजारी येऊन बर्फाच्या गोष्टी ऐकून गेले. मी त्यांना तळघरातले पाइप सांगितले, भेग सांगितली, बैठक मात्र नाही सांगितली. अजूनही एखाद्या दुपारी तो डब्यावरचा माणूस आठवतो. थंडीच्या तोंडाशी वेल्डर बोलावला.

दिवाळीत सुमितचा व्हिडिओ कॉल आला. गच्ची दाखवा म्हणाला.

"बाबा, सळया कुठं गेल्या?"

"कापल्या. तिथं सोलर बसवलं, आंघोळीच्या पाण्याचं."

मग म्हणाला, "किती लिटरचं?"

"शंभर."

"एकट्याले जास्त नाई होत?"

"होते. पण दुकानदार म्हणे, याच्याहून लहान येतच नाई."