चोरी केली नाही

युरॉलॉजी विभागाच्या काउंटरसमोर आम्ही आठ-दहा म्हातारे रांगेत उभे होतो. तिथली मुलगी आजार विचारायची आणि प्रत्येक जण पुढे वाकून कुजबुजायचा. माझ्या पुढचे गृहस्थ मात्र ताठ उभे राहून म्हणाले, "प्रोस्टेटचा कॅन्सर."

"काका, जरा हळू," मुलगी गोंधळली.

"का? मी काय चोरी केलीय?"

मला माझं गेलं वर्ष आठवलं. लघवीला त्रास होत होता, बायको तपासून घ्या म्हणत होती आणि मी नुसत्या लाजेपायी ते पुढे ढकलत होतो. आम्हा पुरुषांना आजारापेक्षा त्याच्या जागेचंच ओझं जास्त. आजार शरीरात शिरला तो शिरला, आता माझा आवाजही त्याला का देऊन टाकायचा?

माझा नंबर आला. "मलाही तोच कॅन्सर आहे," मी वर्गात शिकवायचो तेवढ्या आवाजात म्हणालो.

नंतर बाकावर त्या गृहस्थांनी शेजारी जागा करून दिली. "ऑपरेशन कधी?"

"सोमवारी."

"भीती वाटते?"

"वाटते की. पण लाज नाही वाटत आता."